मागेल त्याला अंगारा

आमच्या मार्गासनीत आजही कुणालाही विचारा, रखमाजीबुवा कोण होते, तर तो आधी हात जोडेल आणि मग सांगेल की फार मोठा देवमाणूस, त्यांच्या अंगाऱ्यानं वाकलेली माणसं सरळ व्हायची. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. रखमाजी माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. अंगाऱ्यानं सरळ झालेलं एकही माणूस मी पाहिलेलं नाही. जी सरळ झाली ती पहाटे उठून, पोटावर झोपून, छाती उचलून सरळ झाली. हे सांगून सांगून तात्यांचं तोंड दुखलं, पण लोकांना ते ऐकायचंच नव्हतं.

तात्या काही साधूबिधू नव्हते. भाताची खाचरं, बैलजोडी आणि घरात माझी आजी नि धाकटे भाऊ कुंडलिक, म्हणजे माझे वडील, एवढाच त्यांचा पसारा. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांची बायको गेली. पोरबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून आजीनं घर डोक्यावर घेतलं, पण ते बधले नाहीत. पुढं एका सुगीत पेंढ्याच्या उडवीवरून पाय घसरून खाली पडले आणि कंबरेतून गेले. शेकून झालं, लेप झाले, हाडवैद्य झाला, देवऋष्याची लिंबं झाली. ऐन उमेदीतला माणूस काठी टेकत, जमिनीकडं बघत चालायला लागला. शेत सगळं वडिलांच्या अंगावर पडलं आणि घरात त्यावरून कुरबुर सुरू झाली. बसून खाणं तात्यांना सोसत नव्हतं, पण करणार काय?

त्या साली नदीकाठच्या महादेवाच्या देवळात एक बैरागी चातुर्मासाला येऊन राहिला. त्याला भाकरी पोचवायचं काम घरच्यांनी तात्यांकडं दिलं, कारण त्यांना दुसरं काही जमत नव्हतं. बैरागी रोज त्यांना उठताबसताना बघायचा. मग एक दिवस म्हणाला, पालथा पड. तात्या पडले. हात छातीजवळ ठेव आणि फक्त मान उचल, म्हणाला. मान उचलताना तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बैरागी म्हणाला की आज एवढंच, उद्या ये.

असं ते सुरू झालं. मानेनंतर छाती, मग एकेक पाय, मग पाठीवर निजून गुडघे पोटाशी. बैराग्याकडं प्रत्येकाला भारदस्त संस्कृत नाव होतं. तात्यांनी आपल्या सोयीची नावं पाडली, नाग, टोळ, पोटली. सकाळी एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घेऊन दुसरीतून सोडायचे. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भावजी जीव देतायत म्हणून ती बोंबलत बाहेर पळाली होती. आणि शेवटी बसायचं, ताठ, डोळे मिटून, आणि श्वास सोडायचा. घ्यायची घाई करायची नाही, नुसता सोडायचा, हळू, दमानं, पोट पाठीला लागेपर्यंत. बैरागी म्हणे की माणूस श्वास सोडायला शिकला की अर्धी दुखणी आपोआप जातात. दिवाळीला तात्यांच्या हातातली काठी सुटली. पुढच्या आवणीला ते गुडघाभर चिखलात वाकून भात लावत होते आणि संध्याकाळी सरळ उभे राहत होते.

कार्तिकात बैरागी निघाला. तात्यांनी त्याला धोतर द्यायला आणलं, ते त्यानं घेतलं नाही. जो मागेल त्याला हे शिकव, नाही म्हणू नकोस, एवढं त्यानं मागितलं आणि देवळातली आपली धुनी पेटती ठेवून गेला. तात्यांनी ती धुनी कधी विझू दिली नाही.

शिकायला मागणारं पहिलं माणूस त्यांच्याच रक्ताचं निघालं. माझी आत्या, सगुणा. ती कामथडीला दिलेली. तात्यांहून बरीच लहान, त्यांच्या कडेवर वाढलेली. तिला लहानपणापासून दमा. थंडी पडली की तिची छाती वाजायला लागायची आणि ती भिंतीला टेकून, पुढ्यात पोती रचून त्यावर डोकं टेकून रात्री काढायची. भोरच्या दवाखान्यातल्या औषधानं घटकाभर बरं वाटायचं, परत तेच. माहेरी आली तेव्हा तात्यांची पाठ बघून ती म्हणाली, दादा, मलाही शिकव. तात्यांनी तिला सगळं शिकवलं. सांगेल तसं करणारी पोरगी, अंगात भिनवून घेतलं तिनं.

पण सासरी तिची सासू फुलाबाई होती. पहाटेची वेळ म्हणजे दळणाची वेळ, आणि घरातली सून त्या वेळी पालथी पडून छाती उचलते, नाकात पाणी घालते, हे म्हातारीला सहन होईना. हे कुठलं सोंग, म्हणाली, आणि बंद करवलं. थंडीत आत्या पुन्हा पोत्यांवर डोकं टेकून बसली.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी डोकं चालवलं, आणि सगळं बिघडलं ते तिथं. धुनीतली चिमूटभर राख पळसाच्या पानात बांधून ते कामथडीला गेले. सगळ्यांसमोर आत्याच्या कपाळाला लावली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की हा महादेवाचा अंगारा आहे, तो लावून हिनं रोज पहाटे सांगितलंय ते करायचं, देवाची तशी आज्ञा आहे, मोडली तर माझ्याकडं येऊ नका. फुलाबाईनं पदर पसरून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून सून कडब्याच्या खोलीत गेली की म्हातारी स्वतः दारात बसून आल्यागेल्याला हाकलायची. तात्या घरी आले ते हसतच. वडिलांना म्हणाले, म्हातारीला बरोबर कात्रीत पकडली.

त्या वर्षी आणि त्यापुढच्या थंडीत आत्या आडवी होऊन झोपली. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिनं फुगडी घातली. जिला चार पायऱ्या चढून धाप लागायची, ती माझ्या आईचे हात धरून गरगर फिरली आणि वर मोठ्यानं हसली. आजी उंबऱ्यात बसून रडत होती. तात्या मात्र मान फिरवून उगाच बैलांकडं गेले. आमच्या घरात तो दिवस सगळ्यात सुखाचा होता असं मला वाटतं.

फुलाबाईनं ही हकिकत साऱ्या पंचक्रोशीत सांगितली. पण सांगितला तो अंगारा. पहाटेचं पालथं पडणं तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतंच, आणि सुनेबद्दल तसलं काही सांगायची तिला लाजही वाटत असेल. सोमवारी सोमवारी माणसं मार्गासनीला यायला लागली. कामथडीची, वरव्याची, वर डोंगरातली. बैराग्यानं सांगितलं होतं मागेल त्याला शिकव, पण मागायला आलेला प्रत्येक जण अंगारा मागत होता. तात्यांनी विचार केला की हरकत नाही, कडू औषध गुळातून देतातच. अंगारा द्यायचा आणि त्याबरोबर नाग, टोळ, श्वास सोडणं सांगायचं. सुरुवातीला जमलंही. वरवे बुद्रुकचा कोंडिबा आमच्या ओसरीत लोळून लोळून शिकला आणि चांगला ताठ झाला. मग हळूहळू लोकांनी गूळ खाल्ला आणि औषध थुंकलं. करता का रोज, असं तात्यांनी विचारलं की माणसं पायांकडं बघायची. भोरच्या कचेरीतले केशवराव तर घोड्यावरून यायचे आणि उतरतानाच सांगायचे की आसनंबिसनं मला व्हायची नाहीत, वेळ कुठं असतो, तेवढी पुडी द्या. पुढं ते घोड्याचे कष्टही वाचवायला लागले, शिपायाला पाठवायचे. खेड्यातला अडाणी आणि भोरातला शहाणा, या बाबतीत दोघांत काडीचा फरक नव्हता.

तात्यांचे रखमाजीबुवा झाले. लोक पाया पडायचे. नारळ इतके यायचे की आमच्या घरात वर्षभर खोबरं सरलं नाही, आणि माझ्या वडिलांना भावात एकाएकी तेज दिसायला लागलं. तात्यांना हे सगळं टोचत होतं, पण नाही म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती. मान मिळाला की तो सोडवत नाही, हेही त्यात थोडं असणार. मी त्यांना देव करायला बसलेलो नाही.

कामथडीला मात्र त्यांचं बरेच दिवसांत जाणं झालं नव्हतं. सोमवारची गर्दी, शेतं, एक ना दोन. एका पौषात ते गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. मला तेव्हा मिसरूड फुटली होती. तात्या आधी कडब्याच्या खोलीशी गेले. ती आढ्यापर्यंत कडब्यानं भरलेली होती. पाय ठेवायला जागा नव्हती, मग पालथं कुठं पडणार? आत्या परसात भांडी घासत होती, तिची छाती लांबूनही वाजताना ऐकू येत होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चिंधीची पुरचुंडी होती.

तात्यांनी विचारलं, कधीपासून बंद आहे. सासूच मागून आली आणि कौतुकानं म्हणाली, "पाव्हणं, आता तुमी देवच झालायसा. एवढा तुमचा आंगारा गळ्यात असताना माज्या सुनेनं आंग कशापायी मोडायचं?" तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. सगळा मुलूख ज्याच्या पाया पडतो त्याच्या बहिणीनं कष्ट करून बरं व्हावं, हा तिला आमच्याच घराण्याचा अपमान वाटत होता.

म्हातारी आत गेल्यावर तात्या आत्यावर करवादले. तू तरी असं करायचं नव्हतंस, म्हणाले. ती हातातली राख तशीच ठेवून खाली मान घालून बोलली, "दादा, तू लई दिसांनी येतोस. आंगारा लावला का तुजा हात लागल्यावानी वाटतं. म्हून लावती." तात्या तसेच वळले आणि वाटेला लागले.

घरी न येता ते थेट देवळात गेले. महादेवापुढं शपथ घेतली की आजपासून कुणालाही अंगारा द्यायचा नाही, शिकायचं असेल त्यानं यावं. पुढच्या सोमवारी ओसरीवर उभं राहून त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. राखेत काही नाही, म्हणाले, ती राख आहे, जे आहे ते तुमच्या अंगात आहे, हितं झोपा, शिकवतो. लोकांना वाटलं बुवा परीक्षा बघतायत. मग वाटलं रागावलेत. मग वाटलं देवच त्यांच्यातून निघून गेला. एका थंडीत ओसरी ओस पडली. वडील महिनोन्‌महिने फुरंगटून बसले. केशवरावांच्या शिपायानं दोन खेपा केल्या आणि नाद सोडला. शिकायला आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही टिकली नाहीत.

तात्यांना त्याचं फारसं वाटलं नाही. त्यांचा जीव आत्यात होता. ते वरचेवर कामथडीला जायला लागले, तिला समोर बसवून करून घ्यायला लागले. पण फुलाबाईचा सूर बदलला होता. अंगारा बंद करणाऱ्या बुवाची सोयरीण म्हणून तिला चार बायकांत मान खाली घालावी लागत होती, आणि देवाची आज्ञाच उरली नव्हती तर सुनेनं पहाटे दळण सोडून लोळायचं कशाला? ज्या आज्ञेच्या जोरावर तात्यांनी तिला परवानगी मिळवून दिली होती, ती त्यांनी स्वतःच खोटी ठरवली होती. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. आत्या जमेल तेव्हा करायची, चोरून करायची, बहुतेक वेळा करायचीच नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. माघात थंडी परतून आली. एका सकाळी कामथडीचा माणूस आला की सगुणाबाईचं लक्षण ठीक नाही, बुवांना घेऊन या. मी गाडी जुंपली. नसरापूर ओलांडेपर्यंत तात्या एका जागी बसले नाहीत, मधे उतरून बैलांच्या पुढं चालायचे आणि परत चढायचे.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घर माणसांनी भरलेलं. आत्या भिंतीशी बसली होती, ओठ निळे पडले होते, प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. तात्यांनी सगळ्यांना मागं सारलं, चूल विझवायला सांगितली, दार उघडं ठेवायला लावलं. तिच्या मागं बसले, तिची पाठ आपल्या छातीला टेकवली आणि कानाशी हळूहळू बोलायला लागले. घेऊ नको, नुसता सोड. सोड, बाई. माझ्याबरोबर सोड. ते स्वतः लांब श्वास सोडत होते आणि ती त्यांच्या मागून सोडायचा प्रयत्न करत होती. मी दारात उभा होतो. खरं सांगतो, तिचा श्वास जरा लांबला. खांदे उतरले. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. आम्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं.

तेवढ्यात फुलाबाईनं ताटलीत राख आणून तात्यांपुढं धरली. कुठली होती कुणास ठाऊक, देव्हाऱ्यातली असेल. आत्यानं ती पाहिली आणि मान वळवून तात्यांकडं बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "लाव."

तात्यांनी मान हलवली. सोड, श्वास सोड, म्हणाले.

"साऱ्या मुलखाला दिलास. मला दे की."

घरातली सगळी माणसं बघत होती. तात्यांच्या मनात त्या वेळी काय होतं ते त्यांनी मला पुढं सांगितलं. शपथ होती हे खरं, पण त्याहून मोठी भीती अशी होती की राख लागली की ही डोळे मिटून स्वस्थ होईल आणि श्वास सोडायचं सोडून देईल. एकदा तेच झालं होतं. त्यांना तिला जगवायचं होतं. म्हणून ते म्हणाले, "न्हाई सगुणा. राखंत काय न्हाई. तू माज्याबरूबर श्वास सोड."

आत्यानं त्यांच्या मुठीतला आपला हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर ते कानाशी किती बोलले, किती विनवलं, पण तिनं त्यांच्या श्वासाबरोबर श्वास धरला नाही. दिवेलागणीला ती गेली.

मला विचाराल तर राख लावली असती तरी आत्या गेलीच असती. तिची छाती पार खलास झाली होती, आणि ती ज्या दिवशी कडब्याची खोली भरली त्या दिवसापासून झाली होती. पण ती भावाकडं पाठ करून गेली नसती. एवढाच फरक, आणि तात्यांना पुढं जगायला तो फार मोठा होता. तिला राख नको होती, त्यांचा हात हवा होता, तिनं तसं तोंडानं सांगितलेलंही होतं, आणि शिकवायच्या नादात ते नेमकं तेच विसरले.

आत्याचं दिवसकार्य झाल्यावर आलेल्या पहिल्याच सोमवारी तात्या आपणहून ओसरीत येऊन बसले. पुढ्यात धुनीतल्या राखेचं ताट. एका म्हातारीनं बिचकत बिचकत हात पुढं केला. त्यांनी चिमूट दिली. बातमी पसरायला काय लागतं? देव परतला म्हणून महिन्याभरात पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी. वडील खूश. केशवरावांचा शिपाई पुन्हा यायला लागला. आणि तात्यांनी त्यानंतर कुणालाही नाग सांगितला नाही, टोळ सांगितला नाही, श्वास सोडायला सांगितलं नाही. स्वतःचंही बंद केलं. पहाटे नुसते बसून राहायचे. दोनतीन वर्षांत त्यांची पाठ पुन्हा वाकली, काठी हातात आली, आणि लोक म्हणायला लागले की बुवा दुसऱ्यांची दुखणी आपल्या अंगावर घेतात.

मला राहवेना. आत्याच्या पाठीशी बसून त्यांनी तिचा श्वास लांबवलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. एवढी विद्या या माणसाबरोबर मातीत जाणार, हे मला खात होतं. एका सोमवारी, लोक यायच्या आधी, मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो की तात्या, मला शिकवा. मी अंगारा मागत नाही, मी शिकायला मागतोय. बैराग्यानं तुम्हाला सांगितलंय, मागेल त्याला नाही म्हणायचं नाही.

त्यांनी ताटातली चिमूट उचलून माझ्या कपाळाला लावली.

"गेनू, शिकवायला बसलो का माज्या तोंडात पयला सबूद 'न्हाई' ह्योच येतो रं," ते म्हणाले. "ती मागत हुती आन म्या न्हाई म्हनलो. आता कुनी काय बी मागू दे, ह्ये ताट म्होरं करायचं. दुसरं काय मला हुत न्हाई."

बाहेर बाया येऊन खोळंबल्या होत्या. ते काठी टेकत उठले आणि ताट घेऊन त्यांच्याकडं गेले.